कंसातून आत: आर्ग्युमेंट तपासणाऱ्या फंक्शनची रचना

पायथॉन, पीएचपी, रुबी किंवा लुआमध्ये एखादं अंगभूत फंक्शन बोलावताना कंसात काय टाकायचं, म्हणजे कोणती आर्ग्युमेंट द्यायची, याचा आपण विचार करतो. कंसात टाकलेलं ते पलीकडे कसं पोचतं, याचा करत नाही. तशी वेळ येऊ नये याची काळजी रनटाइम, म्हणजे आपला प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्यांनी घेतलेली असते. पण या चारही भाषांचे मूळ रनटाइम सी या भाषेत लिहिलेले आहेत, आणि सीच्या जगाचे नियम वेगळे आहेत. आपल्या भाषेच्या बाजूला प्रत्येक मूल्य म्हणजे एक ऑब्जेक्ट. मी स्ट्रिंग आहे, मी पूर्णांक आहे, हे ते स्वतःच सांगू शकतं. पलीकडे, सीच्या बाजूला, फक्त बाइट्स. चार बाइट्सचा पूर्णांक चार बाइट्सचाच राहतो, आणि स्ट्रिंग म्हणजे एका पत्त्यापासून शून्य बाइट येईपर्यंतचं जे काही असेल ते. या दोन जगांच्या सीमेवर जे काम चालतं त्याला आर्ग्युमेंट पार्सिंग म्हणतात. नाव कंटाळवाणं आहे, पण सुरक्षेच्या आणि वेगाच्या बऱ्याच भानगडी इथेच सुरू होतात.

हे काम हाताने केलं तर काय होतं ते आधी पाहू. समजा, सीमध्ये 'सेंटर' नावाचं फंक्शन लिहायचं आहे. मजकूर आणि रुंदी घ्यायची, आणि मजकूर तेवढ्या रुंदीच्या मधोमध बसवून परत द्यायचा. तिसरं आर्ग्युमेंट ऐच्छिक, म्हणजे दोन्ही बाजूंना भरायचं अक्षर. मूळ काम दहा-बारा ओळींचं. त्याआधीचे प्रश्न मात्र संपत नाहीत. आर्ग्युमेंट दोन आलीत की तीन? पहिलं खरंच स्ट्रिंग आहे का? तिचं यूटीएफ-८ रूप मिळालं, की मेमरीच संपली? दुसरं पूर्णांक आहे, की पूर्णांक होऊ शकणारं दुसरं काही? सीच्या पूर्णांकात ते मावतं का? तिसरं दिलंय का, आणि दिलं असेल तर एकच अक्षर आहे ना? नावाने दिलं असेल तर ते नाव ओळखीचं आहे का? तेच आर्ग्युमेंट एकदा जागेने आणि एकदा नावाने, असं दोनदा तर आलं नाही? आणि यातलं काहीही फसलं, तर तोवर हाती घेतलेलं सगळं परत ठेवून नीट एरर द्यायची.

म्हणजे दहा ओळींच्या कामासाठी पन्नास ओळींची तपासणी, आणि अशी फंक्शनं शेकड्यांनी. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने तपासलं, तर एकाच भाषेत एका ठिकाणी ३.० हा पूर्णांक म्हणून चालतो, दुसऱ्या ठिकाणी एरर येते आणि तिसऱ्या ठिकाणी प्रोग्रॅमच कोसळतो. म्हणून रनटाइममध्ये एक सामाईक अंतर्गत फंक्शन ठेवतात. काय हवं ते तुम्ही त्याला सांगायचं, ते तपासून, बदलून, तुमच्या व्हेरिएबलमध्ये भरून देतं. खरा प्रश्न 'सांगायचं कसं' हा आहे. गेल्या वीस वर्षांत या भागात झालेले जवळपास सगळे बदल त्या एका प्रश्नाभोवतीच फिरतात.

अक्षरांची छोटी भाषा

सर्वात रुळलेलं उत्तर म्हणजे फॉरमॅट स्ट्रिंग. पायथॉनच्या सी अंमलबजावणीत, म्हणजे सीपायथॉनमध्ये, त्यासाठी 'पायआर्ग_पार्सटपल' आहे. आपल्या 'सेंटर'साठी त्याला द्यायची स्ट्रिंग अगदी लहान: लहान लिपीतला 'एस', मग 'एन', मग एक उभी रेघ, मग मोठा 'ओ'. एस म्हणजे मला स्ट्रिंग हवी आणि ती सीच्या पॉइंटरच्या, म्हणजे मेमरीतल्या पत्त्याच्या, रूपात द्या. एन म्हणजे आकार किंवा रुंदी मोजायला पुरेल असा पूर्णांक. उभ्या रेघेनंतरचं सगळं ऐच्छिक. ओ म्हणजे ऑब्जेक्ट आहे तसाच द्या, माझं मी बघतो. या स्ट्रिंगपाठोपाठ तीन व्हेरिएबलचे पत्ते द्यायचे, की काम झालं. शेवटी कोलन (:) घालून फंक्शनचं नाव लिहिलं, तर एररमध्ये ते नावही येतं. पीएचपीचं 'झेंड_पार्स_पॅरामीटर्स' आणि रुबीचं 'आरबी_स्कॅन_आर्ग्ज' याच कुळातले. रुबीत तर पहिला आकडा सक्तीच्या आर्ग्युमेंटांचा आणि दुसरा ऐच्छिकांचा. 'एक-एक' लिहिलं की एक हवंच, एक चालेल.

ही खरोखर एक भाषा आहे, आणि भाषा म्हटली की तिच्या खोडी आल्याच. सीपायथॉनमध्ये लहान 'आय' म्हणजे पूर्णांक, आणि आकडा मावत नसेल तर तो ओव्हरफ्लोची एरर देतो. मोठा 'आय' म्हणजे बिनचिन्हाचा पूर्णांक, आणि तो मावतंय की नाही हे बघतच नाही, वरचे बिट गुपचूप कापून टाकतो. एकाच अक्षराची दोन रूपं, एक दक्ष आणि एक बेफिकीर. कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पण कोड वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ते दिसत नाही, आणि माझ्या मते रचनेतला दोष तो हाच. अक्षरं निवडताना मुभा लांब नावाला द्यावी आणि आखूड नावाने कडक वागावं. इथे दोघांनाही सारखीच जागा मिळाली.

आखूड नाव कडक ठेवण्याचं चांगलं उदाहरणही याच ठिकाणी सापडतं. पायथॉनच्या स्ट्रिंगमध्ये शून्य बाइट बिनदिक्कत असू शकतो. सीसाठी मात्र स्ट्रिंग तिथेच संपते. आता फाइलचं नाव घ्या: आधी 'गुपित.टीएक्सटी', मग शून्य बाइट, मग '.जेपीजी'. पायथॉनमधली तपासणी शेवटी जेपीजी बघते आणि खूश होते. सीमधलं फाइल उघडणारं फंक्शन शून्यापाशी थांबतं आणि गुपित उघडतं. म्हणून सीपायथॉनचा साधा 'एस' मधे शून्य असलेली स्ट्रिंग थेट नाकारतो. शून्यासकट मजकूर हवाच असेल तर 'एस'पुढे हॅशचं चिन्ह लावायचं आणि लांबी वेगळी घ्यायची. पीएचपीने उलटं केलं. तिथे साध्या 'एस'ला शून्य चालतं, आणि फाइलच्या नावासाठी 'पी' हे वेगळं अक्षर आहे जे ते नाकारतं. दोन्ही पद्धती तर्काला धरून आहेत. पण पीएचपीच्या पद्धतीत सुरक्षा लिहिणाऱ्याच्या आठवणीवर अवलंबून राहते.

कंपायलर आंधळा असतो तेव्हा

फॉरमॅट स्ट्रिंगची खरी अडचण अक्षरांत नाही, तिच्यामागून येणाऱ्या पत्त्यांत आहे. सीमध्ये 'पुढे कितीही आर्ग्युमेंट' अशी सोय असलेल्या फंक्शनला त्या आर्ग्युमेंटांचे प्रकार कळत नाहीत. अक्षर 'एन' असेल, तर फंक्शन गृहीत धरतं की पत्ता आठ बाइट्सच्या जागेचा आहे, आणि आठ बाइट्स लिहून मोकळं होतं. तुम्ही चार बाइट्सचा साधा 'इंट' दिला असेल, तर शेजारच्या व्हेरिएबलचा घास गेला. 'प्रिंटएफ'च्या बाबतीत कंपायलर अशी चूक पकडतो, कारण त्या अक्षरांची भाषा त्याला शिकवलेली आहे. तुमच्या रनटाइमची भाषा त्याला कोणी शिकवलेली नसते.

याचं सर्वात लांबलेलं उदाहरण त्या हॅशच्या चिन्हाचंच. सुरुवातीला सीपायथॉनमध्ये स्ट्रिंगची लांबी साध्या 'इंट'मध्ये मिळायची. ६४ बिटांची यंत्रं आली, दोन अब्जांहून लांब स्ट्रिंग शक्य झाली, आणि २००६ साली आलेल्या २.५ आवृत्तीत लांबीसाठी नवा, रुंद प्रकार आला. पण जुनी एक्स्टेन्शनं, म्हणजे सीमध्ये लिहिलेली जोड-मोड्यूलं, मोडायची नव्हती. तोडगा असा काढला की सी फाइलच्या वरच्या बाजूला, हेडर जोडण्याआधी, एका ठरावीक मॅक्रोची (कंपाइल होण्याआधीच उलगडली जाणारी व्याख्या) ओळ लिहिली तर हॅशचा अर्थ नवा, नाही लिहिली तर जुना. म्हणजे शेकडो ओळी खाली असलेल्या एका चिन्हाचा अर्थ फाइलच्या माथ्यावरची एक ओळ ठरवणार.

यातून काय होतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. मॅक्रो लिहिला आणि व्हेरिएबल जुनाच 'इंट' राहिला, तर चार बाइट्सच्या जागेत आठ लिहिले जातात. हे बहुधा लवकर कळतं, कारण काहीतरी कोसळतं. उलट झालं, म्हणजे व्हेरिएबल नवा पण मॅक्रो विसरला, तर आठांपैकी चारच बाइट्स भरले जातात. उरलेल्या चारांत जो कचरा आधी असेल तो तसाच राहतो. व्हेरिएबलला आधी शून्य दिलेलं असेल, तर आज सर्वत्र दिसणाऱ्या प्रोसेसरांवर, जिथे लहान बाइट आधी येतो, उत्तर बरोबर येतं. तपासणीही पास होते. मग कधीतरी कोणीतरी 'हे शून्य कशाला हवं' म्हणून ते काढतं, आणि लांबी अचानक अब्जावधीत जाते. पायथॉन ३.१० पासून मॅक्रोशिवाय हॅश वापरला तर रनटाइम सरळ एरर देतं. २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ मध्ये नवा अर्थ हाच एकमेव अर्थ झाला आणि मॅक्रोची गरज संपली. एका चिन्हाचा अर्थ बदलायला अठरा वर्षं गेली.

पीएचपीलाही २०१५ मध्ये सातवी आवृत्ती आणताना याच खड्ड्यातून जावं लागलं. स्ट्रिंगच्या लांबीचा प्रकार आणि पूर्णांकाचा प्रकार, दोन्ही बदलले. फॉरमॅटची अक्षरं तीच राहिली, म्हणून या बदलापुरतं तरी जुनं एक्स्टेन्शन कंपाइल व्हायला हरकत नव्हती. चालायला मात्र होती.

घेतलेलं परत कोणी करायचं

प्रकार जुळले तरी मालकीचा प्रश्न उरतो. 'एस'ने दिलेला पॉइंटर मूळ स्ट्रिंगच्या पोटातला असतो, उसना. ऑब्जेक्ट जिवंत आहे तोवरच तो खरा. 'ओ'ने दिलेला ऑब्जेक्टही उसनाच. पण काही अक्षरं तुमच्या नावावर काहीतरी घेऊन ठेवतात. दिलेल्या एन्कोडिंगमध्ये स्ट्रिंग बदलून देणारी अक्षरं नवी मेमरी घेतात, ती तुम्ही सोडायची. 'वाय' आणि तारा मिळून बाइट्सचा बफर धरून ठेवतात, तोही तुम्हीच सोडायचा. सोडला नाही, तर त्या बाइट-ॲरेचा आकार कोणालाच बदलता येत नाही, आणि एरर तिसरीकडेच उगवते.

आता समजा, दुसऱ्या आर्ग्युमेंटने बफर धरला आणि तिसऱ्याला प्रकाराची एरर आली. अर्धवट अवस्थेत कोणी काय सोडायचं? सीपायथॉनचा नियम स्वच्छ आहे: पार्सिंग पूर्ण यशस्वी झालं तर जबाबदारी तुमची, फसलं तर सगळी माझी. त्यासाठी ते फंक्शन आपण काय काय घेतलं याची छोटी यादी ठेवतं आणि फसल्यावर ती यादी उलगडून सगळं सोडतं. तुम्ही स्वतः लिहिलेलं रूपांतर-फंक्शनही या यादीत बसू शकतं. 'मला आवराआवर जमते' असं त्याने खास मूल्य परत देऊन सांगितलं, की पुढे काही फसल्यास त्यालाच पुन्हा बोलावतात, यावेळी ऑब्जेक्टच्या जागी रिकामा पॉइंटर देऊन. हे जरा आडवळणी वाटतं. पण दुसरा पर्याय म्हणजे प्रत्येक फंक्शनमध्ये आवराआवरीची वेगळी शिडी, आणि ती लोक चुकवतातच.

लुआने वाटच वेगळी धरली. तिथे फॉरमॅट स्ट्रिंग नाही. प्रत्येक आर्ग्युमेंट एकेका फंक्शनने मागायचं: 'लुआएल_चेकइंटिजर'ला सांगायचं की पहिल्या जागचा पूर्णांक दे, आणि तो परतीच्या मूल्यातच देतं. त्यामुळे प्रकार कंपायलरला दिसतात, आणि वरची 'इंट'ची भानगड उद्भवतच नाही. एरर आली तर फंक्शन परतच येत नाही, सीमधली लांब उडी मारून थेट वर निघून जातं. कोड वाचायला अतिशय स्वच्छ, कुठेही 'फसलं का' विचारावं लागत नाही. किंमत एवढीच, की दोन तपासण्यांच्या मधे तुम्ही मेमरी घेतली असेल आणि दुसरी तपासणी फसली, तर ती मेमरी गेली. म्हणून लुआचे जाणकार सगळ्या तपासण्या आधी उरकतात आणि मगच काही हाती घेतात. लहान रनटाइमसाठी मला ही रचना फॉरमॅट स्ट्रिंगपेक्षा जास्त पटते.

तपासता तपासता चालणारा परका कोड

या विषयातला सर्वात अवघड भाग आता येतो, आणि वरवर तो दिसतही नाही. आपल्याला वाटतं, आर्ग्युमेंट पूर्णांकात बदलणं म्हणजे आतला आकडा वाचणं. पण गतिमान भाषांमध्ये कोणताही ऑब्जेक्ट 'मी पूर्णांक होऊ शकतो' असं म्हणू शकतो. पायथॉनमध्ये त्यासाठी 'इंडेक्स' नावाची खास मेथड असते, जावास्क्रिप्टमध्ये 'व्हॅल्यूऑफ'. म्हणजे बदल करताना रनटाइम वापरणाऱ्याने लिहिलेला कोड चालवतं, आणि तो कोड काहीही करू शकतो. जिच्यावर आपण काम करतोय ती यादीच रिकामी करणं, हेही त्यात आलं.

याचा एक माहितीतला नमुना सुरक्षेच्या त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१६-४६२२ या क्रमांकाने नोंदला गेला. जावास्क्रिप्टकोअर या, सफारीत असणाऱ्या इंजिनमधल्या ॲरेच्या 'स्लाइस' मेथडमधली ही चूक. क्रम असा होता: आधी ॲरेची लांबी वाचली, समजा शंभर. मग सुरुवात आणि शेवट ही दोन आर्ग्युमेंट आकड्यांत बदलली. त्यातल्या एकाच्या जागी हल्लेखोराने ऑब्जेक्ट दिला होता, आणि त्याच्या 'व्हॅल्यूऑफ'मध्ये ॲरेची लांबी शून्य करून मेमरी आटवली होती. मेथडने शांतपणे पुढे जाऊन, आधी वाचलेल्या शंभरच्या हिशेबाने, झटपट नक्कल करणारा रस्ता धरला. ॲरे आता तेवढा उरलाच नव्हता, त्यामुळे त्याच्या हद्दीबाहेरची मेमरी नक्कल होऊन हल्लेखोराच्या हाती आली. एका ओळीचीही चूक वाटू नये असा कोड. चुकला तो क्रम.

यावरून सरळ नियम निघतो: आधी सगळी रूपांतरं उरका, मगच ज्या ऑब्जेक्टवर काम करायचं त्याच्या अवस्थेकडे बघा. सीपायथॉनसारख्या ठिकाणी सामाईक पार्सिंग फंक्शनचा हाच एक न बोललेला फायदा. ते फंक्शन सुरुवातीलाच सगळी रूपांतरं संपवतं, म्हणून बहुतेक वेळा हा नियम आपोआप पाळला जातो. जो कोणी 'थोडं आधी लांबी काढून ठेवू' म्हणतो, तोच अडकतो.

जावास्क्रिप्टला मात्र ही पळवाट नाही. तिथे कोणत्या क्रमाने काय वाचायचं हे प्रमाणग्रंथातच ठरलेलं आहे. 'स्लाइस'मध्ये लांबी आधी, मग सुरुवात, मग शेवट. क्रम बदलला तर तो प्रोग्रॅममधून दिसतो, म्हणून बदलता येत नाही. इंजिनाला उरतं एवढंच, की रूपांतर झाल्यावर झटपट रस्ता धरण्याआधी पुन्हा एकदा खात्री करायची. यात एक छुपा धडा आहे: आर्ग्युमेंट कोणत्या क्रमाने बदलायची हा अंतर्गत तपशील वाटतो, पण रूपांतरात परका कोड चालत असेल तर तो क्रम भाषेच्या वर्तनाचा भाग होतो. उद्या वेगासाठी क्रम उलटा केलात तर कोणाचा तरी प्रोग्रॅम वेगळं वागेल.

वेग

पायथॉनमध्ये जुन्या पद्धतीने सीमधलं फंक्शन बोलावताना आर्ग्युमेंटांचं एक टपल, म्हणजे न बदलणारी यादी, बनवायचं, नावाने दिलेल्यांची एक डिक्शनरी बनवायची, दोन्ही पलीकडे द्यायची. पलीकडे ती उघडून पाहायची आणि टाकून द्यायची. फंक्शनचं स्वतःचं काम दोन-चार सूचनांचं असेल, तर निम्म्याहून अधिक वेळ बांधाबांधीत जातो. म्हणून शून्य आर्ग्युमेंट आणि एकच आर्ग्युमेंट घेणाऱ्यांसाठी खास वाटा फार पूर्वीपासून होत्या. ३.८ मध्ये पीईपी ५९० (पीईपी म्हणजे पायथॉनमधल्या सुधारणेचा अधिकृत प्रस्ताव) मधून 'व्हेक्टरकॉल' ही पद्धत तात्पुरत्या रूपात आली, आणि ३.९ मध्ये ती सर्वांना खुली झाली. आर्ग्युमेंट बोलावणाऱ्याच्या स्टॅकवर ओळीने आधीच असतात, त्या ओळीचा पत्ता आणि संख्या द्यायची. नावाने दिलेल्यांची मूल्यं त्याच ओळीच्या शेवटी, आणि नावं वेगळ्या टपलमध्ये. ते टपल कोड कंपाइल होतानाच तयार होऊन बसतं, म्हणून दर वेळी काहीच बनवावं लागत नाही.

नावं जुळवण्यातही एक युक्ती आहे. कोडमध्ये लिहिलेली नावं रनटाइम एकदाच साठवतं, त्यामुळे एकाच नावाचा ऑब्जेक्ट सर्वत्र एकच असतो. म्हणून आधी फक्त पत्ते जुळतात का ते बघायचं. न जुळल्यास मगच अक्षरागणिक तुलना, कारण एखादं नाव प्रोग्रॅम चालताना जोडून तयार झालेलं असू शकतं. ही दुसरी फेरी गाळली तर प्रोग्रॅम बहुतेक वेळा चालतो. या 'बहुतेक वेळा'पासूनच सावध राहायचं.

उरतो तो फॉरमॅट स्ट्रिंगचा खर्च. दर वेळी अक्षरामागून अक्षर वाचून 'हे कोणतं' असं ठरवायचं, हा इंटरप्रिटरच्या पोटातला आणखी एक इंटरप्रिटर. पीएचपी ७ ने त्यावर मॅक्रोंचा संच आणला. आर्ग्युमेंटमागे एक मॅक्रो, आणि त्यातून कंपायलर थेट तपासणीचा कोड तयार करतो. पायथॉन ३.८ मध्येही अनेक अंगभूत फंक्शनांची तपासणी अशीच थेट कोडमध्ये उतरवली गेली. त्या आवृत्तीच्या अधिकृत टिपणानुसार काही साधी फंक्शनं त्यामुळे २० ते ५० टक्क्यांपर्यंत वेगाने चालू लागली. एवढा थेट कोड हाताने कोणी लिहिलेला नाही.

एकदाच सांगायचं

पायथॉनमधल्या एका अंगभूत फंक्शनची सही, म्हणजे कोणती आर्ग्युमेंट, कोणत्या नावाची, कोणत्या प्रकारची, ही पूर्वी चार ठिकाणी लिहावी लागायची: फॉरमॅट स्ट्रिंगमध्ये, नावांच्या यादीत, सीच्या व्हेरिएबलमध्ये आणि मदतीच्या मजकुरात. चारांपैकी एक बदलायचं राहून गेलं, की चूक. लॅरी हेस्टिंग्ज यांनी पीईपी ४३६ मध्ये मांडलेलं 'आर्ग्युमेंट क्लिनिक' २०१४ मध्ये ३.४ सोबत आलं, ते हे एका ठिकाणी आणायला. सी फाइलमधल्याच एका कॉमेंटमध्ये ठरावीक पद्धतीने सही लिहायची. एक स्क्रिप्ट ती वाचून दोन गोष्टी घडवते: बाहेरचं तपासणारं फंक्शन पूर्ण लिहून देते, आणि आतल्या फंक्शनचं डोकं, ज्यात आर्ग्युमेंट आधीच योग्य सी प्रकारांत आलेली असतात. तुम्ही लिहायचं फक्त आतलं धड. घडवलेल्या मजकुराची खूणगाठ शेजारी नोंदवलेली असते, म्हणून कोणी तो हाताने बदलला तर स्क्रिप्टच्या लक्षात येतं.

पीएचपी ८ मध्ये स्टब फाइली हेच काम करतात. पीएचपीच्याच वाक्यरचनेत सही लिहायची आणि त्यातून सीमधली माहितीची कोष्टकं तयार होतात. तीन-चार फंक्शनांच्या छोट्या एक्स्टेन्शनसाठी असा कारखाना उभारणं हा अतिरेक आहे, तिथे फॉरमॅट स्ट्रिंग पुरते. संख्या शेकड्यात गेली की हाताने केलेलं टिकत नाही.

सही एका ठिकाणी आली की तिच्यातले आधी लपलेले निर्णय उघड्यावर येतात. पीएचपी ८.० मध्ये नावाने आर्ग्युमेंट देण्याची सोय आली, आणि तोवर फक्त कागदपत्रांत असलेली अंगभूत फंक्शनांची पॅरामीटर-नावं रातोरात वचनं झाली. उद्या नाव बदललं तर लोकांचा कोड मोडणार. पायथॉनने 'हे फक्त जागेनेच द्यायचं' असं सांगणारी तिरकी रेघ पीईपी ५७० ने ३.८ मध्ये सर्वांसाठी खुली केली. सीमधल्या फंक्शनांना ती मुभा आधीपासूनच होती. नवी सही लिहिताना मी तरी शंका असेल तिथे तिरकी रेघ घालेन. नाव पुढे केव्हाही खुलं करता येतं, खुलं केलेलं परत घेता येत नाही.

एररच्या मजकुराबद्दलही दोन शब्द. पीएचपी ८.० पूर्वी अंगभूत फंक्शनला चुकीचा प्रकार दिला तर बहुतेक वेळा फक्त इशारा यायचा आणि परत मिळायचं 'नल'. प्रोग्रॅम तसाच पुढे चालायचा आणि भलतीकडे पडायचा. ८.० पासून थेट 'टाइपएरर' येते. लुआतला एक बारकावा मला विशेष आवडतो. मेथड कोलनने बोलावली तर ऑब्जेक्ट स्वतःच पहिलं आर्ग्युमेंट बनून आत जातो. मग आतल्या हिशेबाने दुसरं आर्ग्युमेंट चुकलं असलं, तरी लिहिणाऱ्याने कंसात ते पहिलंच लिहिलेलं असतं. लुआचं एरर देणारं फंक्शन आधी बघतं की ही मेथड होती का, आणि होती तर आकड्यातून एक वजा करून मगच संदेश देतं.

आणि 'दिलंच नाही' हे कसं सांगायचं? ऐच्छिक आर्ग्युमेंटला ठरावीक मूल्य असेल, जसं 'सेंटर'मधलं रिकामं अक्षर, तर प्रश्न नाही. पण पायथॉनच्या डिक्शनरीचं 'पॉप' बघा. किल्ली सापडली नाही आणि दुसरं आर्ग्युमेंट दिलेलं असेल, तर ते परत मिळतं. दिलेलं नसेल, तर एरर येते. इथे 'नन' दिलं आणि काहीच दिलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीच्या बाजूला हे सोपं आहे: व्हेरिएबलमध्ये आधी रिकामा पॉइंटर ठेवायचा, पार्सिंगनंतरही तो रिकामाच असेल तर आर्ग्युमेंट आलेलं नाही. अडचण येते ती सही दाखवताना, कारण त्या रिकाम्या पॉइंटरसाठी पायथॉनच्या जगात कोणतंच मूल्य नाही. क्लिनिकने घडवलेल्या सहीत म्हणून 'डीफॉल्ट'पुढे बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे कोनी कंसांत 'अनरिप्रेझेंटेबल' असा शब्द येतो. तो पायथॉनचं वाक्य म्हणून वाचता येत नाही, त्यामुळे अनेक आवृत्त्यांत 'इन्स्पेक्ट' मोड्यूलला 'पॉप'ची सही विचारली की उत्तराऐवजी 'व्हॅल्यूएरर' हाती पडते.